रानपिंगळ्याचा शोध : पक्षिनिरीक्षण आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना :
पक्षिनिरीक्षण हा सर्वसाधारणपणे निसर्गप्रेमींचा छंद मानला जातो. तथापि पक्षी कोणी, कोठे व केव्हा पाहिला याची प्रत्येक नोंद हे एक ऐतिहासिक साधन असते आणि अन्य साधनांप्रमाणेच तिचीही चिकित्सा करावी लागते. रानपिंगळ्याचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय.

पार्श्वभूमी :
१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. सदरलगतच्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच ‘अजब बंगला’, १८६३ चे. पक्षी मारून, त्याचे कातडे भरून, त्यास स्थळ-दिनांकाची चिठ्ठी बांधण्याचा तो काळ होता. याच प्रांताच्या पूर्व भागात बसना (आज छत्तीसगड) येथे १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना एक अपरिचित लहान घुबड मिळाले. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीलायक नोंद झाली नाही.

खोटे साधन आणि खरा शोध :
रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर मात्र १९१४ हे वर्ष व गुजरातमधील मांडवी हे स्थळ नोंदविलेले होते. पामेला रासमुसेन यांच्या परीक्षणात तो डेव्हिडसन यांचाच, चोरून पुन्हा भरलेला नमुना असल्याचे सिद्ध झाले. या खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची दिशाभूल केली होती. ते स्थळ वगळून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी अस्सल नमुन्यांच्या स्थळी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी (तत्कालीन धुळे, आज नंदुरबार जिल्हा) रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांचा खंड संपला. पुढे विदर्भातील मेळघाटातही त्याचे अस्तित्व आढळले.

नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. शिवाय तो भर दिवसाही वावरतो. कातड्यावरून न कळणारी ही सवय अधिवासातील निरीक्षणानेच कळते.

निष्कर्ष :
पक्षी नामशेष झाला नव्हता. चुकीच्या नोंदीने तो चुकीच्या ठिकाणी शोधला गेला. जेथे पक्षी आहे तेथील जंगल राखावयाचे, तर नोंद प्रामाणिक असणे अगत्याचे आहे. म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती दुर्बीण देताना तारीख, स्थळ आणि शंका प्रामाणिकपणे लिहिण्याची शिस्तही आपण द्यावयास हवी.