खुर्ची, कोरणारा हात आणि नाव

मराठी समाजात माणसाचा मान त्याच्या आसनावरून ओळखला जाई. जेवणाला पाट, पूजेला चौरंग, राज्याला गादी. खुर्ची हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला खरा, परंतु तिला अधिकाराचा अर्थ लाभला तो इंग्रजी अमलात. छत्तीसगडात बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरच्या गादीवरून कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि गादीची सत्ता कचेरीतील खुर्चीकडे गेली.

ही खुर्ची निखळ इंग्रजी होती काय? अठराव्या शतकातील आयरिश महोगनी खुर्च्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १७२१ साली ब्रिटिश संसदेने वसाहतींतील लाकडावरची जकात उठवली. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमातून निघालेली महोगनी त्यामुळे स्वस्त झाली आणि आयर्लंडच्या कारागिरांच्याही हाती आली. गोळा पकडलेल्या पंजाचा पाय चिनी ड्रॅगनच्या मोत्यावरून आला, असे मानतात. आयरिश कारागिरांनी त्यात सिंहमुखे, शिंपले आणि केसाळ पंजे यांची भर घातली. पुढे संग्राहकांनी या घडणीला ‘आयरिश चिपेनडेल’ म्हटले. वस्तुतः लंडनच्या टॉमस चिपेनडेलचा नमुनाग्रंथ १७५४ चा आणि यांतील कित्येक खुर्च्या त्याच्या आधीच्या! कोरणारा विस्मृतीत गेला. नाव उरले ते दुसऱ्याचे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत हीच कथा शिसवी लाकडात पुन्हा लिहिली गेली. मेडोज स्ट्रीटच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या खुर्च्या-कोचांचा घाट युरोपीय होता. पाठीवरची दाट, जाळीदार वेलबुट्टी, पाने आणि पक्षी मात्र मंदिरांच्या व हवेल्यांच्या कोरीवकामाशी नाते सांगणारे होते. संग्रहालयांत या घडणीची ओळख शहराच्या आणि लाकडाच्या नावाने उरली. ज्या बोटांनी पटाशी चालवली, त्यांची नावे बहुधा नोंदलीच गेली नाहीत.

नाव न्याय करू शकते, याचे उदाहरण रायपुरातच आहे. तात्यापारा या वस्तीच्या नावात ‘तात्या’ हे मराठी संबोधन आहे आणि ‘पारा’ हा वस्तीवाचक छत्तीसगढी शब्द. येणारा आणि ठाव देणारी भूमी, दोघांची खूण त्यात शाबूत आहे. खुर्चीच्या इतिहासालाही असेच जोडनाव हवे. त्यात घाट देणाऱ्याइतकाच कोरणाऱ्याचा उच्चार असावा.