प्रवासी म्हणायचे कुणाला?

खोल समुद्रातल्या आणि अंतराळातल्या साहसी पर्यटनाचा कायदा एका साध्या शब्दावर येऊन अडतो : प्रवासी. पैसे मोजून बसणारा माणूस प्रवासी ठरला, की वाहनाची तपासणी आणि प्रमाणपत्र ओघाने आलेच. अमेरिकेने १९९३च्या कायद्यात भाड्याने एक जरी प्रवासी नेणारी पाणबुडी तपासणीच्या कक्षेत आणली.

अंतराळात उलटे घडले. ऑक्टोबर २००४मध्ये ‘स्पेसशिपवन’ हे खासगी यान आठवडाभरात दुसऱ्यांदा शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि २३ डिसेंबरला अमेरिकेत कायदाही झाला. त्यात तिकीट काढणारा प्रवासी नाही, ‘अंतराळ उड्डाणातील सहभागी’ आहे. जमिनीवरच्या लोकांचे रक्षण सरकारकडे राहिले. यानातल्यांच्या सुरक्षेसाठी नियम करायला मात्र आठ वर्षे जवळजवळ मनाई झाली. नवा धंदा नियमांखाली चिरडला जाऊ नये, हे त्यामागचे कारण. २००६च्या नियमांनुसार सरकारने हे यान सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेले नाही, असे कंपनी लेखी कळवते आणि जाणारा संमतीची सही करतो. आठ वर्षांची ती मुदत वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८वर गेली आहे.

समुद्रात कायदा होता, तरी शब्द बदलून वाट काढली गेली. ओशनगेट कंपनीची ‘टायटन’ पाणबुडी कार्बन फायबरची होती आणि तिला जहाजे तपासणाऱ्या कोणत्याही वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र नव्हते. टायटॅनिक पाहायला मोठी रक्कम भरणाऱ्यांना कंपनी ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणे. २०१८मध्ये या क्षेत्रातल्या जाणकारांनी कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना उद्देशून इशाऱ्याचे पत्र लिहिले. २०२२च्या एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला, कवचावरच्या सेन्सरांच्या नोंदी बदलल्या. तरी पुढच्या वर्षी पाणबुडी पुन्हा उतरली. अशा नोंदी संमतीची सही करणाऱ्याला कशा वाचता येणार? त्यासाठी तिऱ्हाईत तपासनीसच हवा, आणि नेमका तोच तिथे नव्हता. १८ जून २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय हद्दीत, खोल पाण्याच्या दाबाखाली कवच चेपले. रश यांच्यासह पाच जण गेले.

हा अपघात टाळता आला असता, असा निष्कर्ष अमेरिकी तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५च्या अहवालात काढला. ‘सागरी संशोधन नौका’ या नावाखाली पाणबुड्यांना तपासणीतून मिळणारी सवलत आवळावी, अशी शिफारसही त्यात आहे.