मूल मारकुटं, की खोलीच तशी?

पाळणाघरात अडीच वर्षांचं मूल दुसऱ्याला ढकलतं, की लगेच आपण म्हणतो, "मारकुटं आहे." दुसरं कोणी ताईंचा पदर सोडत नाही, ते "बुजरं". हे शिक्के पुढे शाळेपर्यंत चिकटून राहतात. म्हणून या विषयातल्या संशोधनाचा इतिहास बघायला हवा. प्रश्न नीट विचारायला संशोधकांनाही बरीच वर्षं लागली!

सुरुवात करू मिल्ड्रेड पार्टेन यांच्यापासून. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत त्यांनी मोकळ्या खेळाच्या वेळी एकेका मुलाचं एकेक मिनिट निरीक्षण केलं. १९३२ साली त्यांनी खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं हे त्यातलेच. वय वाढतं तसा मिळून होणारा खेळ वाढतो, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. म्हणजे मुख्य धागा होता वयाचा.

१९३५ मध्ये मार्गरीट जॉन्सन यांनी मैदानावरचं खेळाचं साहित्यच कमी-जास्त करून पाहिलं. साहित्य वाढलं तेव्हा पळणं-चढणं वाढलं, भांडणं घटली; पण मुलांचा एकमेकांशी संपर्कही घटला. साहित्य कमी केलं तेव्हा उलट झालं. मुलं तीच, वागणं वेगळं.

आता खरी अडचण बघा. खोलीत मुलं वाढली की दोन गोष्टी एकदम बदलतात: दर मुलामागची जागा आणि दर मुलामागची खेळणी. मग भांडणं वाढली, तर दोष कशाला द्यायचा? पीटर स्मिथ आणि केविन कॉनोली यांनी इंग्लंडमधल्या शेफील्ड इथल्या खेळगटांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या बदलल्या. १९८० साली त्यांचं पुस्तक आलं. दर मुलामागे २५ चौरस फूट जागा असेपर्यंत मारामारीत फारसा फरक पडला नाही. १५ वर आणल्यावर ती वाढली. खेळणी कमी केल्यावर भांडणं वाढली, पण वाटून घेणंही वाढलं आणि खेळाचे गट मोठे झाले. एकच बदल, परिणाम दोन्ही बाजूंचे.

पुढे फ्रान्समध्ये आलँ लेजाँद्र यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीची मांडणी तपासली. उंच आडोशामुळे सांभाळणारी बाई दिसेनाशी झाली, की मुलं तिच्याच आसपास घुटमळत आणि आपसात कमी खेळत. ब्राझीलमधल्या पाळणाघरांत मारा कांपोस-दे-कार्व्हाल्यो यांना तसंच काहीसं दिसलं. मोठ्या, मोकळ्या खोलीत मुलं बाईंभोवती गोळा होत. बुटक्या कपाटांनी छोटे कोपरे केल्यावर ती तिकडे जाऊन एकमेकांशी खेळू लागली. बाई नजरेच्या टप्प्यात होती ना!

तुम्ही उद्या अंगणवाडीत किंवा पाळणाघरात निरीक्षणाला जाल, तेव्हा नोंदीच्या तक्त्यात मुलाच्या वागण्याबरोबर आणखी चार रकाने ठेवा: दर मुलामागे जागा किती, खेळणी किती, एकाच प्रकारची किती आणि मूल बसलंय तिथून ताई दिसते का. हे रकाने नसतील, तर खोलीची उणीव मुलाच्या नावावर लिहिली जाईल.