गिल्बर्ट हिल आणि डायनासोरांचा अंत

१. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत सुमारे २०० फूट उंचीचा काळा कातळ सरळसोट उभा आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. 'डायनासोरांच्या अंताचा साक्षीदार' अशी या गिल्बर्ट हिलची ओळख सर्रास सांगितली जाते. ती तपासून पाहायला हवी.

२. हा कातळ बेसाल्टचा. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि बहुकोनी स्तंभ तयार झाले. दख्खनच्या ज्वालामुखीचे हे अपत्य. तेव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

३. लाव्ह्याहून घातक होते वायू. गंधकाच्या वायूंमुळे सूर्यप्रकाश अडतो, थंडी पडते, आम्लवर्षा होते. कार्बन डायऑक्साइड त्यानंतर हजारो वर्षे तापमान वाढवतो. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सैबेरियातील अशाच उद्रेकांच्या काळात पृथ्वीवरील सर्वांत मोठा जीवसंहार झाला.

४. डायनासोर नाहीसे झाले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. १९८० साली लुईस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह अशनीपाताचा सिद्धान्त मांडला. पुढे मेक्सिकोतील चिक्शुलुब विवराने त्याला बळ दिले. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार दख्खनचा मुख्य उद्रेक संहाराच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधीच सुरू झाला होता. निर्णायक घाव अशनीचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दख्खनचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

५. आता पुन्हा अंधेरी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन कालमापनाने गिल्बर्ट हिलचे वय सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे ठरवले. म्हणजे संहारानंतर ५० लाखांहून अधिक वर्षांनी हा कातळ घडला. संहारकाळाचे साक्षीदार सह्याद्रीच्या थरांत आहेत. अंधेरीत आहे त्या आगीचा शेवटचा अध्याय.

६. त्याने या कातळाचे मोल घटत नाही. मुंबईच्या याच उत्तरकालीन लाव्ह्यादरम्यानच्या गाळात, वरळीला, इवल्या बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. संहार उलटून गेला होता, उद्रेक थांबले नव्हते, तरी इथल्या तळ्यांत जीवन नांदत होते.

७. महापालिकेने २००७ साली गिल्बर्ट हिलला वारसास्थळाचा दर्जा दिला. भोवती बांधकामे दाटत असताना त्याच्या रक्षणासाठी डायनासोरांची दंतकथा लागत नाही. त्याचा खरा इतिहास पुरेसा आहे.