पोवळ्याची पारख आणि त्याचे मोल

वर्धा जिल्ह्याची भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची असून समुद्र तिच्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसविलेले, काळ्या मण्यांच्या पोतीत ओवलेले किंवा गुलाबजलात घोटून पिष्टीच्या रूपाने औषधात आलेले पोवळे विदर्भाच्या लोकव्यवहारात परके नाही. जी वस्तू घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही समुद्रात कधी पाहिली नाही, तिची पारख कशी होत असे आणि तिचा भाव कोण ठरवीत असे, हा अशा भूवेष्टित मुलखाच्या संदर्भात विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याचा इतिहास चाळला असता असे दिसते की पोवळ्याला खडा मानले, वनस्पती मानले की प्राणी मानले, यावर त्याचे मोल प्रत्येक काळी अवलंबून राहिले, आणि आज तर त्याच्या मालकाचे कायद्यापुढील स्थानही त्यावरच ठरते.

भारतात दागिन्यासाठी वापरले गेलेले उंची लाल पोवळे प्राचीन काळापासून मुख्यतः भूमध्य समुद्रातून आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये मद्य, तांबे, कथील आणि शिसे यांच्याबरोबर पोवळ्याची नोंद आहे, आणि त्याच बंदराशी पैठण व तेर ही दख्खनमधील दोन नगरे गाड्यांच्या वाटेने जोडलेली असल्याचेही तेथे सांगितले आहे. रोमन लेखक प्लिनी याने या व्यापाराचे मर्म अचूक टिपले : रोमन स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जेवढे मोल वाटते, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे वाटते, असा त्याच्या विधानाचा आशय आहे. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेल्या पवनार येथे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, तेव्हा या भागातील वस्तीचे प्राचीनत्व सिद्ध झाले, वा. वि. मिराशी यांनी तर वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले होते. दूरदेशीचा माल देशाच्या आतील भागात खपला तो अशाच नगरांच्या आधाराने.

पारखीचे शास्त्र मात्र याच देशात घडले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगताना पोवळ्याची उत्पत्तिस्थाने दिली आहेत, त्यांपैकी एक म्हणजे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया असावे असे अभ्यासक मानतात. किडीने पोखरलेले आणि मध्येच फुगीर झालेले पोवळे त्यात वर्ज्य ठरविले आहे. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्रावरील ग्रंथात पिकलेल्या तोंडल्याचा रंग, गोलाई, लांबी, सरळपणा, तुकतुकीतपणा, अव्रणता, म्हणजे छिद्र किंवा ओरखडा नसणे, आणि जाडी असे सात गुण मोजले आहेत, तर फिके, धुरकट, बारीक, भोके पडलेले, वजनाला हलके असे पोवळे त्याज्य मानले आहे. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेचा भाग यापुढे एक पाऊल टाकतो : सशाचे रक्त, गुंज आणि जास्वंद यांच्या रंगाचे पोवळे श्रेष्ठ असे सांगून तो किमतीचा संबंध घडविणाऱ्या कारागिराच्या कौशल्याशी जोडतो. हे विधान महत्त्वाचे आहे, कारण हिरा किंवा माणिक यांच्या किमतीत वजनाचा वाटा मोठा असतो, पण पोवळ्याची वेडीवाकडी फांदी किती कमी तुकडे वाया घालवून, किती सारख्या मण्यांत कापता येते यावरच तिचे खरे उत्पन्न अवलंबून असते. आज सराफाकडे रत्तीच्या हिशेबाने पोवळे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला केवळ वजन सांगितले जाते, ही जुन्या परीक्षेपेक्षा उणी गोष्ट आहे.

सतराव्या शतकात फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने नोंदविले आहे की युरोपात पोवळ्याला मौल्यवान खड्यांत गणत नसले, तरी जगाच्या इतर भागांत त्याला मोठी मागणी आहे आणि आशियातील सामान्य लोक ते गळ्यात व दंडावर घालतात. या मागणीवर एक विलक्षण व्यापार उभा राहिला. इटलीतील लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी सार्डिनिया, कॉर्सिका आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काढलेल्या पोवळ्याचे मणी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत आणि त्यांच्या मोबदल्यात हिरे मागवीत. गोव्यात हा व्यवहार सांभाळणाऱ्यांमध्ये कामत आडनावाचे सारस्वत व्यापारी होते. एकमेकांना कधी न भेटलेली, धर्म आणि भाषा वेगळ्या असलेली ही माणसे पत्रांच्या आधारे मालाची प्रत आणि भाव ठरवीत. लंडनमधील व्यापारीही ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने असाच पोवळे-हिरे विनिमय करीत असत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडल्यावर या अदलाबदलीचे महत्त्व ओसरले.

विदर्भाच्या बाजारपेठेचे रूप १८६० नंतर पालटले. १८६२ मध्ये वर्धा हा नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. हा मार्ग टाकला गेला तो प्रामुख्याने कापसासाठी, परंतु परतीच्या डब्यांतून मुंबईच्या बंदरातील माल आला आणि बैलांच्या तांड्यांवरील अवलंबन संपले. त्याच सुमारास, १८७५ ते १८८० या काळात, सिसिलीतील शाक्का गावासमोरच्या समुद्रात मृत पोवळ्याचे प्रचंड साठे सापडले, त्यामुळे भाव कोसळले. या पोवळ्याचा रंग फिका नारिंगी होता, म्हणजे रसशास्त्राच्या कसोटीवर ते खालच्या प्रतीचेच ठरले असते. पुढे जपानच्या समुद्रातील गडद लाल पोवळेही जगाच्या बाजारात आले.

माल वाढला तशी नक्कलही वाढली. काच, लाख, रंगविलेले हाड आणि अलीकडे रंगविलेले बांबू-प्रवाळ, म्हणजे सांधे असलेल्या फांद्यांचे एक स्वस्त प्रवाळ, यांचे मणी पोवळे म्हणून विकले जातात. खरे पोवळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने आम्लाचा थेंब पडताच त्यावर बुडबुडे येतात, काचेवर येत नाहीत. परंतु बांबू-प्रवाळही त्याच द्रव्याचे असल्याने तेथे ही कसोटी अपुरी पडते आणि भिंगाखाली लांबीच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म समांतर रेषा पाहाव्या लागतात. पोवळे दुधात ठेवले असता दुधाला लालसर झाक आली तर ते अस्सल, ही लोकप्रिय परीक्षा मात्र उलटी आहे, कारण दुधात उतरणारा रंग बहुधा रंगाऱ्याने चढविलेला असतो.

वस्तू काय आहे याविषयीचा समज तिचे मोल कसे ठरवितो, याचे उदाहरण शोधण्यास समुद्राकडे जाण्याचीही गरज नाही. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर विखुरलेले गोटे भूशास्त्राच्या दृष्टीने झिओलाइट, म्हणजे काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार झालेली खनिजे आहेत. परंपरेच्या दृष्टीने मात्र ती संताची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांच्या नारळांसारख्या मालाची झालेली शिळा आहे. भाविकाच्या लेखी त्या गोट्याला जे मोल आहे, ते रत्नशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात बसणार नाही.

पोवळ्याविषयीचा समज शास्त्राने बदलला तो अठराव्या शतकात. युरोपात ते दीर्घकाळ समुद्रातील वनस्पती मानले जाई. १७२० नंतरच्या दशकात मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने पोवळ्याची ‘फुले’ ही प्रत्यक्षात प्राणी आहेत असे दाखविले, तरी त्याचे म्हणणे मान्य होण्यास बरीच वर्षे गेली. दागिन्यातील लाल पोवळे हे आठ स्पर्शकांच्या सूक्ष्म जीवांच्या वसाहतीचा सांगाडा असून ते अंधाऱ्या, थंड खडकांवर वाढते आणि त्याची जाडी वर्षाला मिलिमीटरच्या अंशानेच वाढते. प्रवाळभित्ती बांधणारी दगडी प्रवाळे निराळी; त्यांचे स्पर्शक सहाच्या पटीत असतात आणि त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांना प्रकाश लागतो. घरगुती समुद्री मत्स्यालयांच्या छंदात मोल आहे ते या दुसऱ्या गटाच्या जिवंत तुकड्यांना. तेथे दुर्मीळ रंग, निळ्या दिव्याखाली दिसणारी चमक आणि तुकड्यावरील मुखांची संख्या यांवर भाव ठरतो, म्हणजे रंग आणि अव्यंगता या जुन्या कसोट्या नव्या वेशात परत आल्या आहेत, फक्त मृत सांगाड्याऐवजी जीव विकला जातो.

भारतात या छंदाला कायद्याची मर्यादा आहे. ११ जुलै २००१ रोजी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाला मिळते त्याच दर्जाच्या संरक्षणात, भित्ती बांधणारी सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये नेव्ही नगरच्या किनाऱ्याकडे हलविण्यासाठी परवानगी घ्यावी लागली ती राज्याच्या वन विभागाच्या नागपूर येथील वन्यजीव कार्यालयाची. समुद्राच्या जिवांचा निर्णय विदर्भात झाला, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

तरीही भूवेष्टित जिल्ह्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न मत्स्यालयांचा नाही. पूजासाहित्याच्या दुकानांत आणि संगणकावरील बाजारात ‘इंद्रजाल’ या नावाने, दुर्मीळ मुळी किंवा वनस्पती म्हणून, बाधा टाळण्यासाठी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावण्यास जी जाळीदार वस्तू विकली जाते, ती वनस्पती नसून काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा असते. पेसोनेलने मोडलेला समज येथे सुखाने नांदतो आहे, आणि विक्रेत्याला तो टिकविण्यातच लाभ आहे, कारण मृत प्राण्याचा सांगाडा म्हणून ती चौकट देवघरात कोणी लावणार नाही. अशी वस्तू विकणारा आणि श्रद्धेने जवळ बाळगणारा, दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५,००० रुपये दंड आहे.