टर्बो, तेल आणि मालकाची शिस्त

१/ नवी टर्बो मोटार घेतली की दोन प्रश्न हटकून पुढे येतात : तेल कोणते घालावे आणि ते कधी बदलावे? उत्तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. मात्र त्या उत्तरातील प्रत्येक अक्षरामागे कुठल्या तरी जुन्या इंजिनाची दुखणी आहेत. आजचा थ्रेड त्या दुखण्यांविषयी.

२/ इंजिनातून वाया जाणाऱ्या वायूंच्या जोरावर त्याच इंजिनात जादा हवा कोंबायची, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. जहाजे, रेल्वे इंजिने आणि विमाने यांत ती रुजली. सामान्य ग्राहकाच्या मोटारीत यायला मात्र १९६२ साल उजाडले.

३/ त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने दोन टर्बो मोटारी आणल्या. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायरच्या इंजिनात नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरावी, ही अपेक्षा. अनेकांनी ती भरलीच नाही! १९६३ नंतर जेटफायर इतिहासजमा झाली.

४/ १९७७ मध्ये स्वीडनच्या साबने '९९ टर्बो' सादर केली आणि टर्बो रोजच्या वापराच्या मोटारीत स्थिरावू लागला. आता सारी भिस्त तेलावर आली. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तोलला जातो. शेजारून धगधगते वायू वाहत असतात.

५/ जोरात पळवलेली गाडी थांबताच बंद केली, तर तेलाचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र तिथेच कोंडते. तेल करपून त्याचा कोळसा बेअरिंगपाशी जमतो. 'बंद करण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ संथ चालू द्या' हा सल्ला यातूनच आला. पुढे बेअरिंगभोवती पाणी खेळवले गेले आणि उष्णतेत टिकणारी सिंथेटिक तेले रुळली.

६/ अमेरिकेतील १.८ लिटर टर्बो पसाटचा धडा आणखी कडू होता. अपुऱ्या दर्जाचे तेल आणि लांबलेली बदली यांमुळे इंजिनात गाळ साचे, तेल ओढणारी जाळी तुंबे आणि टर्बो कोरडा पडे. २००४ मध्ये फोक्सवॅगनने या दोषासाठी हमीची मुदत ८ वर्षांपर्यंत वाढवली. पण तेल वेळेवर बदलल्याचा पुरावा मालकानेच द्यायचा होता. पावत्या जपणाऱ्यांची सरशी झाली.

७/ लहान टर्बो पेट्रोल इंजिनांनी नवे दुखणे आणले. कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला की ठिणगीपूर्वीच मिश्रण पेट घेई आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाई. तेलातील कॅल्शियमयुक्त घटक या प्रकाराला हातभार लावतात, असे संशोधनात आढळले. म्हणून तेलाची घडण बदलली. २०२० मध्ये आलेल्या 'एपीआय एसपी' या दर्जासाठी तेलाला याचीही चाचणी द्यावी लागते.

८/ म्हणजे डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. '५डब्ल्यू-३०' हा आकडा केवळ दाटपणा सांगतो. त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा, थंडीतील वाहतेपणाचा. तेल कोणत्या कसोटीला उतरले, हे दर्जाची अक्षरे सांगतात. पुस्तिकेतील दाटपणा आणि दर्जा दोन्ही जुळायला हवेत. महाग डबा हा त्याला पर्याय नव्हे.

९/ आणि मुदत? 'अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, जे आधी होईल ते' यातील महिने दुर्लक्षू नयेत. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल तेलात मिसळून राहते. पुण्या-मुंबईतील कोंडी, धूळ आणि उन्हाळा पाहता पुस्तिकेतील 'कठोर वापर' हा रकाना आपल्यापैकी अनेकांसाठीच आहे. तिथली मुदत कमी असेल, तर तीच पाळावी.

१०/ अभियंत्यांनी शतकभरात टर्बोचे बहुतेक रोग बरे केले. जेटफायरच्या रिकाम्या टाकीवर मात्र त्यांना औषध सापडलेले नाही. ते आजही मालकाच्याच हाती आहे.