डोगॉनांचा ओतीव घोडेस्वार

मूर्ति दिसली कीं ती कोणाची, हें आम्ही प्रथम विचारतों. पश्चिम आफ्रिकेंतील माली देशाच्या डोगॉन लोकांचीं ओतीव शिल्पें या प्रश्नास सहजासहजीं उत्तर देत नाहींत. आणि त्यांच्या मौनालाहि एक इतिहास आहे.

बांदियागाराच्या सुमारें १५० किलोमीटर लांबीच्या कड्याच्या आश्रयानें हे लोक राहतात. त्यांच्यांतील लोहारांची जात निराळी. शेतकऱ्यांशीं तिचा बेटीव्यवहार नाहीं. शेताच्या कुदळी आणि देवस्थानच्या लांकडी मूर्ति, दोन्ही तेच घडवितात. लोखंडाच्या आकृति बहुधा ठोकून केलेल्या असतात. पितळेसारख्या मिश्रधातूच्या लहान वस्तु मात्र ओतीव. मेणाची आकृति करून तिजवर माती लेपावयाची, तापवून मेण काढावयाचें, पोकळींत रस ओतावयाचा आणि अखेर साचा फोडावयाचा. आपल्या शिल्पग्रंथांतील मधूच्छिष्टविधान तें हेंच. साचा एकदांच उपयोगीं पडत असल्यामुळें प्रत्येक आकृति एकटीच असते. अंगठीवर बसविलेला इवलासा घोडेस्वार हा या कामाचा परिचित नमुना होय.

हा स्वार कोण? कोणी त्यास होगोन म्हणजे धर्मप्रमुख म्हणतात, कोणी पुराणकथेंतील पूर्वज मानतात. १९४६ सालीं ओगोतेमेली नांवाच्या अंध वृद्धानें मार्सेल ग्रिओल या फ्रेंच पंडितास सांगितलेल्या कथा १९४८ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. त्यांत आद्य लोहार स्वर्गांतून अग्नि चोरून खालीं उतरतो. उतरतांना बसलेल्या धक्क्यानें त्याचे लवचीक हातपाय मोडतात, आणि मनुष्यास कोपर व गुडघे लाभतात. कथा मनोहर खरी. तथापि वॉल्टर व्हॅन बेक यांनीं १९९१ मध्यें लिहिलें कीं, ग्रिओलनें वर्णिलेली विश्वरचना आपणांस त्या गांवांत आढळली नाहीं.

मग मूर्तींनाच विचारावें, तर त्यांपैकीं कित्येक आपल्या ठिकाणाहून केव्हांच हलल्या आहेत. १९३१ मध्यें ग्रिओलच्या नेतृत्वाखालीं निघालेल्या मोहिमेनें वाटेंतील गांवांतून कांहीं पूज्य वस्तु धाकानें व चोरून नेल्या. तिचा चिटणीस मिशेल लेरिस यानें १९३४ मध्यें छापलेल्या रोजनिशींत तें स्वतःच नमूद केलें. पुढें बाजारानेंहि तोच क्रम चालविला.

आमच्या मतें खरी हानि येथें आहे. धातु पेटींत सुरक्षित राहतो. परंतु ती वस्तु कोणीं ओतविली, कोणत्या नवसासाठीं, कोणाच्या बोटांत होती, हें सांगणारीं माणसें गांवींच राहतात. ओतकाम समजण्यास मेण, माती व रस यांची माहिती पुरते. मूर्ति समजण्यास तिच्या धन्यालाच विचारावें लागतें, आणि तो प्रश्न वस्तु उचलण्यापूर्वीं विचारावयास हवा होता.